माजी सैनिकांचे मानसोपचार आणि अमेरिकी राज्यांची करसूट

युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या मनावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला राज्य सरकारने प्राप्तिकरात सूट द्यावी काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ करआकारणीचा वाटतो. प्रत्यक्षात त्याची मुळे अमेरिकेच्या संघराज्य व्यवस्थेत, तेथील आरोग्यसेवेच्या रचनेत आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या तीव्र टंचाईत आहेत. माजी सैनिकांच्या आरोग्याची जबाबदारी केंद्र सरकारची. पण ज्यांच्या हातून हे उपचार व्हायचे त्या मानसशास्त्रज्ञांना, समुपदेशकांना आणि समाजकार्यकर्त्यांना व्यवसायाचा परवाना देणारे राज्य सरकार. या दोहोंमधील दरी राज्याच्या करकायद्यातून बुजवण्याचा प्रयत्न म्हणजे ही करसूट होय. तिचा उपयोग कोठे होतो आणि कोठे ती निष्प्रभ ठरते, हे पाहण्याजोगे आहे.

प्रश्नाचे स्वरूप

युद्धाचा मनावर होणारा आघात ही नवी गोष्ट नाही. पहिल्या महायुद्धात त्याला ‘शेल शॉक’ म्हटले जाई. व्हिएतनाम युद्धानंतर या विकाराचा शास्त्रीय अभ्यास वाढला आणि १९८० साली अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या निदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ अर्थात पीटीएसडी या नावाने त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी, १९७९ मध्ये, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठी ‘व्हेट सेंटर’ ही समुपदेशन केंद्रे सुरू झाली होती.

अफगाणिस्तान आणि इराकमधील युद्धांनी हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. रँड कॉर्पोरेशनने एप्रिल २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, त्या दोन युद्धांवर तोवर पाठवण्यात आलेल्या सुमारे १६ लाख ४० हजार सैनिकांपैकी अंदाजे ३ लाख जणांना पीटीएसडी किंवा तीव्र नैराश्य यांनी ग्रासले होते. त्यांपैकी जेमतेम निम्म्यांनीच उपचारांसाठी कोणाचे दार ठोठावले होते.

अमेरिकेतील माजी सैनिकांची संख्या सुमारे १ कोटी ८० लाख आहे. त्यांतील जवळपास निम्म्यांचीच नोंद माजी सैनिक व्यवहार विभागाच्या, म्हणजे ‘व्हीए’च्या, आरोग्यसेवेकडे आहे. या विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केली. म्हणजे दिवसाला सरासरी १७ हून अधिक. यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी मृत्यूपूर्वीच्या काळात व्हीएच्या रुग्णालयांतून उपचार घेतलेले नव्हते. सरकारी रुग्णालय कितीही सुसज्ज केले, तरी त्याच्या दारापर्यंत न येणाऱ्या माणसाचे काय करायचे, हा या साऱ्या चर्चेचा गाभा आहे.

केंद्राची जबाबदारी, राज्यांचे उपचारक

२०१४ मध्ये ॲरिझोना राज्यातील फिनिक्सच्या व्हीए रुग्णालयात रुग्णांच्या प्रतीक्षा यादीत फेरफार झाल्याचे उघडकीस आले. त्या प्रकरणी विभागाचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना मे २०१४ मध्ये राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माजी सैनिकांना सरकारी खर्चाने खासगी डॉक्टरांकडे जाण्याची मुभा देणारा कायदा झाला. २०१८ च्या ‘मिशन ॲक्ट’ने ही व्यवस्था अधिक व्यापक केली. जून २०१९ पासून लागू झालेल्या निकषांनुसार, मानसोपचारासाठी व्हीएचे केंद्र घरापासून सरासरी ३० मिनिटांच्या मोटारप्रवासापेक्षा दूर असेल किंवा २० दिवसांच्या आत भेटीची वेळ मिळत नसेल, तर माजी सैनिकाला खासगी उपचारकाकडे पाठवता येते. जानेवारी २०२३ पासून आत्महत्येच्या तीव्र संकटात सापडलेल्या माजी सैनिकाला, त्याची व्हीएकडे नोंद नसली तरी, कोणत्याही रुग्णालयात तातडीचे मोफत उपचार घेण्याची सोय झाली आहे.

कायद्याने खासगी दवाखान्याचे दार उघडले खरे. पण त्या दारामागे उपचारक हवा. केंद्र सरकारच्या २०२४ मधील नोंदींनुसार १२ कोटींहून अधिक अमेरिकी नागरिक मानसोपचारकांची टंचाई असलेल्या भागांत राहत होते. माजी सैनिकांपैकी सुमारे एक चतुर्थांश ग्रामीण भागात राहतात आणि टंचाईची झळ तेथेच सर्वाधिक बसते. शिवाय अनेक खासगी मानसोपचारक कोणताही सरकारी विमा स्वीकारत नाहीत. सरकारी दर कमी, कागदपत्रे अधिक आणि पैसे मिळण्यास विलंब, ही त्यांची नेहमीची तक्रार असते.

विनामूल्य सेवा देणाऱ्याची अडचण आणखी वेगळी आहे. मानसशास्त्रज्ञ बार्बरा व्हॅन डॅलन यांनी २००५ साली ‘गिव्ह ॲन अवर’ ही संस्था स्थापन केली. सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी आठवड्यातून एक तास विनामूल्य द्यावा, असे आवाहन या संस्थेने मानसोपचारकांना केले आणि त्याला मोठा प्रतिसाद मिळाला. परंतु अमेरिकेच्या केंद्रीय करकायद्यात धर्मादाय संस्थेला दिलेल्या पैशाची किंवा वस्तूची वजावट मिळते; दिलेल्या वेळेची वा कौशल्याची मिळत नाही. शंभर डॉलरची देणगी देणाऱ्याला करात लाभ मिळू शकतो, शंभर डॉलर मूल्याचा तास देणाऱ्याला मात्र नाही. राज्यांच्या करसुटीची कल्पना नेमकी याच रिकाम्या जागेत रुजली.

करसूट म्हणजे नेमके काय?

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०-सीमुळे भारतीय करदात्याच्या परिचयाची झालेली सवलत ही ‘वजावट’ होती. वजावटीने करपात्र उत्पन्न कमी होते. कर किती वाचतो हे करदात्याच्या दरावर अवलंबून असते. ‘टॅक्स क्रेडिट’ ही त्याहून निराळी गोष्ट आहे. ती थेट देय करातून वळती होते. कलम ८७-अ अन्वये छोट्या करदात्यांना मिळणारी सूट याच जातीची होती. एक हजार डॉलरच्या वजावटीने दहा टक्के दराने शंभर डॉलर वाचतात. एक हजार डॉलरच्या क्रेडिटने पूर्ण हजार वाचतात. या लेखात ‘करसूट’ हा शब्द या दुसऱ्या अर्थाने योजला आहे.

करसुटीचेही दोन प्रकार आहेत. परत मिळणारी सूट देय करापेक्षा जास्त असेल, तर उरलेली रक्कम सरकार करदात्याला रोख देते. परत न मिळणारी सूट देय कर शून्यावर येताच थांबते. समजा, एखाद्या समुपदेशकाचा राज्याचा देय कर २,००० डॉलर आहे आणि सूट ३,००० डॉलरची आहे. पहिल्या प्रकारात त्याला १,००० डॉलर परत मिळतील. दुसऱ्या प्रकारात ते वाया जातील किंवा कायद्यात तशी तरतूद असल्यास पुढील वर्षांच्या करातून वळते होतील. मोठे उत्पन्न असलेल्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरला हा फरक जाणवणार नाही. नुकताच व्यवसायात आलेल्या, शैक्षणिक कर्ज फेडणाऱ्या समाजकार्यकर्त्याला मात्र तो निश्चित जाणवतो. आणि ग्रामीण भागात मानसोपचाराचा मोठा भार याच वर्गावर असतो.

राज्यांतील प्रयोग

या कल्पनेचे निरनिराळे घटक अनेक राज्यांच्या कायद्यांत विखुरलेले दिसतात.

ओरेगन राज्याने १९८९ पासून ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्यकीय व्यावसायिकांना करसूट देण्यास आरंभ केला. सुरुवातीला वार्षिक ५,००० डॉलरची एकच कमाल रक्कम होती. पुढे गाव मोठ्या लोकवस्तीपासून किती दूर आहे त्यानुसार ३,००० ते ५,००० डॉलर असे टप्पे ठरवण्यात आले. माजी सैनिकांशी थेट जोडलेली तरतूदही याच राज्याच्या कायद्यात आढळते. राज्याच्या माजी सैनिक निवासात सेवा देणाऱ्या डॉक्टरला त्याने सांभाळलेल्या दर आठ निवासींमागे १,००० डॉलर, कमाल ५,००० डॉलरपर्यंत सूट देण्याची ही तरतूद होती. ठरलेल्या भेटींपैकी पाच टक्क्यांहून अधिक भेटी चुकवल्यास सूट मिळणार नाही, अशी अटही तिला जोडलेली होती. केवळ नाव नोंदवण्यावर न थांबता प्रत्यक्ष हजेरीवर सूट बेतण्याचे हे चांगले उदाहरण आहे.

न्यू मेक्सिकोने २००७ मध्ये ग्रामीण आरोग्य व्यावसायिकांसाठी अशीच सूट आणली. त्यात डॉक्टर, दंतवैद्य आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांना ५,००० डॉलर, तर परिचारिका व अन्य काही व्यावसायिकांना ३,००० डॉलरची मर्यादा ठेवण्यात आली. आरंभी समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते यांचा त्यात समावेश नव्हता. २०२४ च्या दुरुस्तीने तो झाला. मानसिक आरोग्याचे काम प्रत्यक्षात कोण करते, हे करकायद्याच्या लक्षात यायला सतरा वर्षे लागली.

युटा राज्याने टंचाईग्रस्त भागांत व वंचित घटकांत काम करणारे मनोविकारतज्ज्ञ आणि या शाखेतील उच्चप्रशिक्षित परिचारिका यांच्यासाठी १०,००० डॉलरच्या करसुटीची तरतूद केली. निवृत्तीनंतर ठराविक तास विनामूल्य सेवा देणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांनाही तिचा लाभ देण्यात आला. व्हर्जिनियाची योजना त्याहून वेगळी आहे. तेथील १९८१ मध्ये सुरू झालेल्या ‘नेबरहुड असिस्टन्स’ कार्यक्रमात मान्यताप्राप्त संस्थांमार्फत गरजू लोकांना दिलेल्या विनामूल्य व्यावसायिक सेवेचे मूल्य ठरवून त्याच्या काही हिश्शाइतकी करसूट मिळते. दान केलेल्या वेळेला करकायद्यात किंमत नाही, ही केंद्रीय कायद्यातील उणीव व्हर्जिनियाने आपल्या हद्दीपुरती दूर केली.

माजी सैनिकांवर उपचार करणाऱ्या मानसोपचारकांसाठीची करसूट आखायची, तर ओरेगनची हजेरीची अट, न्यू मेक्सिकोची व्यावसायिकांची विस्तृत व्याख्या आणि व्हर्जिनियाची विनामूल्य तासांची मोजणी, हे तीन धागे एकत्र विणावे लागतात.

आखणीतील कळीचे मुद्दे

पहिला मुद्दा ‘माजी सैनिक’ या शब्दाच्या व्याख्येचा. सन्मानपूर्वक सेवामुक्त झालेल्यांपुरतीच सूट मर्यादित ठेवली, तर शिस्तभंगाच्या कारणाने सेवेतून बाहेर पडलेले सैनिक वगळले जातात. यांतील काहींचे बेशिस्त वर्तन हे निदान न झालेल्या मानसिक आघाताचेच लक्षण असते. व्हीएच्या अनेक सेवांनाही ते मुकलेले असल्याने खासगी उपचारकाची गरज त्यांनाच सर्वाधिक असते. व्याख्या कडक ठेवणारा कायदा नेमक्या याच माणसाला विसरतो.

दुसरा मुद्दा पुराव्याचा. सूट मागणाऱ्याने आपला रुग्ण माजी सैनिक असल्याचे कसे दाखवावे? सेवामुक्तीचा दाखला म्हणून ‘डीडी-२१४’ हा नमुना अमेरिकेत सर्वमान्य आहे. परंतु रुग्णाचे नाव करखात्याकडे पोहोचणे गोपनीयतेच्या दृष्टीने घातक आहे. पोलीस, सुरक्षा रक्षक किंवा राखीव दलातील नोकरीवर परिणाम होईल या भीतीने अनेक माजी सैनिक मुळात उपचारच टाळतात. म्हणून उपचारकाने केवळ तासांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, नोंदी स्वतःकडे ठेवाव्यात आणि तपासणी व्यावसायिक परवाना मंडळाने करावी, ही रचना अधिक सुरक्षित ठरते.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा उपचारांच्या दर्जाचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये रँडने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, सैनिकी जीवनाची पुरेशी जाण आणि पीटीएसडी व नैराश्यावरील शास्त्रसिद्ध उपचारांचे प्रशिक्षण व वापर या कसोट्यांवर नागरी मानसोपचारकांपैकी केवळ १३ टक्के उतरले होते. पीटीएसडीवर प्रभावी ठरलेले ‘प्रोलाँग्ड एक्स्पोजर’ आणि ‘कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी’ हे उपचार विशिष्ट क्रमाने, साधारण बारा बैठकांत दिले जातात. त्यांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण लागते. नुसत्या तासांवर दिलेली सूट अशिक्षित हातांनाही तेवढीच मिळते. चुकीच्या उपचाराने निराश झालेला सैनिक पुन्हा दवाखान्याची पायरी चढेलच, याची खात्री नसते. त्यामुळे प्रशिक्षणाची अट नसलेली सूट खर्चिक ठरतेच, शिवाय अपायकारकही ठरू शकते.

चौथा मुद्दा ठिकाणाचा. दूरध्वनी व संगणकाच्या पडद्यावरून होणाऱ्या समुपदेशनामुळे उपचारक आणि रुग्ण एकाच गावात असण्याची गरज कमी झाली आहे. ‘सायपॅक्ट’ या आंतरराज्य करारात ४० हून अधिक राज्ये सामील झाल्याने मानसशास्त्रज्ञांना दुसऱ्या राज्यातील रुग्णावर दूरस्थ उपचार करता येतात. अशा वेळी दवाखान्याच्या पत्त्यावर बेतलेली सूट कालबाह्य ठरते. ती रुग्ण कोठे राहतो यावर बेतावी लागते. मात्र परराज्यातील उपचारक ज्या राज्याला करच देत नाही, ते राज्य त्याला सूट तरी कशी देणार?

जेथे प्राप्तिकरच नाही

करसुटीची सर्वांत मोठी मर्यादा येथेच उघड होते. टेक्सास, कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा ही माजी सैनिकांची सर्वाधिक संख्या असलेली तीन राज्ये. यांपैकी टेक्सास आणि फ्लोरिडा व्यक्तींवर प्राप्तिकर आकारत नाहीत. लोकसंख्येत माजी सैनिकांचे प्रमाण देशात अग्रक्रमाने असलेल्या अलास्कातही तो नाही. ज्या राज्यांत गरज मोठी, तेथेच हे साधन हाती नाही, असा हा विरोधाभास आहे.

टेक्सासने त्यामुळे दुसरा मार्ग धरला. २०१५ च्या कायद्याने टंचाईग्रस्त भागांत काम करणाऱ्या मानसिक आरोग्य व्यावसायिकांचे शैक्षणिक कर्ज राज्याने फेडण्याची योजना सुरू झाली. त्याच वर्षी माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांना मानसिक आरोग्यसेवा देणाऱ्या स्थानिक संस्थांसाठी अनुदान योजनाही मंजूर करण्यात आली. त्यात राज्याच्या निधीला स्थानिक निधीची जोड देण्याची अट होती. केंद्रानेही २०१५ च्या ‘क्ले हंट’ कायद्याने व्हीएमध्ये येऊ इच्छिणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांसाठी कर्जफेडीचा प्रायोगिक कार्यक्रम आखला. इराक व अफगाणिस्तानात लढलेल्या आणि २०११ मध्ये आत्महत्या केलेल्या मरीन सैनिकाचे नाव या कायद्याला देण्यात आले आहे.

परदेशी डॉक्टर हा आणखी एक मार्ग. १९९४ च्या कायद्याने प्रत्येक राज्याला ठराविक संख्येने परदेशी डॉक्टरांना, प्रशिक्षण संपताच मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट मिळवून देता येऊ लागली. त्या बदल्यात त्यांनी टंचाईग्रस्त भागात तीन वर्षे सेवा द्यायची असते. व्हीएलाही अशी शिफारस करता येते. भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांतून गेलेले अनेक डॉक्टर याच वाटेने अमेरिकेच्या अंतर्भागात स्थिरावले आहेत.

भारतातील चौकट

असे साधन भारतातील एखाद्या राज्याला वापरता येईल काय? घटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार शेतीखेरीज अन्य उत्पन्नावरील कर हा केंद्राचा विषय आहे. राज्याच्या हाती उरतो तो व्यवसाय कर, आणि त्याची मर्यादा अनुच्छेद २७६ ने वर्षाला २,५०० रुपयांवर रोखली आहे. महाराष्ट्र सरकारने एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाचा हा कर संपूर्ण माफ केला, तरी त्याने साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या ग्रामीण भागात दवाखाना थाटावा एवढे बळ त्या सवलतीत नाही. माजी सैनिकांसाठी २००३ पासून चालू असलेल्या ‘ईसीएचएस’ योजनेत खासगी रुग्णालयांना ठरलेल्या दराने मोबदला दिला जातो. म्हणजे येथे प्रोत्साहनाचा मार्ग करातून जात नाही, दरपत्रकातून आणि संलग्न रुग्णालयांच्या यादीतून जातो.

फलिताची मोजणी

करसूट हा राज्याच्या तिजोरीतून होणारा खर्चच असतो. फक्त तो अर्थसंकल्पाच्या खर्चाच्या बाजूला दिसत नाही. त्यामुळे अनेक राज्ये तिला मुदत आणि एकूण रकमेची मर्यादा घालतात. मुदत संपताना विधिमंडळापुढे येणारा प्रश्न साधा असतो: सूट नसती तरी ज्यांनी हे काम केलेच असते, त्यांनाच पैसे मिळाले काय? माजी सैनिकांवर आधीपासून उपचार करणाऱ्याला दिलेली सूट हा कृतज्ञतेचा भाग असेल. तिने एकही नवी भेट निर्माण होत नाही. म्हणून पहिल्या वर्षी अधिक आणि नंतर कमी सूट देणे, नव्याने स्वीकारलेल्या माजी सैनिक रुग्णांवर ती बेतणे, किंवा शास्त्रसिद्ध उपचारांच्या पूर्ण झालेल्या बैठका मोजणे, हे पर्याय पुढे येतात.

काही हजार डॉलरची सूट मनोविकारतज्ज्ञाला शहरातून खेड्यात आणेल, ही अपेक्षा अवास्तव आहे. मात्र खेड्यात आधीच असलेल्या समुपदेशकाला प्रशिक्षण घेण्यास, सरकारी विमा स्वीकारण्यास आणि आठवड्यातील दोन तास माजी सैनिकांसाठी राखून ठेवण्यास ती प्रवृत्त करू शकते. अशा योजनेचे यश किती करदात्यांनी सूट घेतली यावरून ठरवणे चुकीचे होईल. व्हीएच्या रुग्णालयात कधीही न गेलेल्या किती माजी सैनिकांना वीस दिवसांच्या आत, जाणत्या उपचारकासमोर बसता आले, हीच तिची खरी मोजपट्टी होय.